खाक्याची वरची बाजू

इरा आणि आदित्य,

मधूआजोबांना जाऊन आज अठरा दिवस झाले. तुम्ही दोघांनी व्हिडिओवर त्यांना शेवटचं पाहिलंत, रडलात आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागलात. योग्य केलंत. मी इतके दिवस काही लिहिलं नाही, कारण चांगलं लिहिण्यासारखं सुचत नव्हतं, आणि वाईट लिहायला निदान तेरावा होईपर्यंत थांबावं एवढी रीत मला कळते.

मग परवा इराचा फोन आला.

"आजी, मधूआजोबांच्या त्या मोठ्या चार्टचा फोटो पाठव ना. लिव्हर फ्लूकच्या लाइफ सायकलचा. आमच्या ग्रुपला दाखवायचाय. आजोबांनी हातानं काढलेला म्हणून."

"आजोबांनी नाही. आजोबांच्या भावानं."

"तेच गं. पाठवशील ने?"

ते गुजराती वळणाचं "ने" ऐकून मला बरं वाटलं. तुमच्या बाबांनी बडोद्याहून तिकडे नेलेलं तेवढंच टिकलंय. पण फोटोचं मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. इरा, तू ग्लासगोला परोपजीवींवरच शिकते आहेस. कुठली अळी कुठल्या प्राण्यात शिरते, तिथे तिचं काय होतं, पुढे ती कुठे जाते, हेच तुझं रोजचं काम. त्या तक्त्याकडे तिथल्या कुणा जाणत्या माणसानं नीट पाहिलं तर पाच मिनिटांत त्याला हसू येईल, आणि ते हसू आपल्या आडनावावर येईल. तक्ता चुकीचा आहे. तो कसा चुकला हे मला आजवर पक्कं ठाऊक होतं. गेल्या आठवड्यापासून ते वेगळं ठाऊक आहे. म्हणून आता लिहिते आहे.

हे पत्र तुम्हाला असलं तरी बोलणं मधूआजोबांशी आहे. इथून पुढचं "तुम्ही" त्यांना. आदित्यला मराठी वाचायला वेळ लागतो, तर बाबांनी मोठ्यानं वाचावं आणि मधले कडू भाग गाळू नयेत. मी इंग्रजी माध्यमात शिकले, सगळी नोकरी इंग्रजीत केली. पण ज्या माणसाबरोबर एका घरात आयुष्य गेलं त्याला बोल लावायचे तर ते मराठीतच लावता येतात.

मधूभाऊजी,

तुमच्या बेसण्याला, इथल्या रीतीच्या शोकसभेला, हॉल भरला होता. पांढरे कपडे, पंखे, मागे बारीक आवाजात भजन, आणि टेबलावर तुमचा फोटो. त्या फोटोत तुमच्या शर्टाचं बटण एक घर चुकलं आहे. दुसरा फोटो सापडला नाही, कारण तुम्ही एकही फोटो जागेवर ठेवला नव्हता. मी हार जरा ओढून त्या बटणावर आणला. हे काम मी तुमच्यासाठी हयातभर केलं. तेवढंच त्या दिवशीही केलं.

माणसं येत होती, हात जोडत होती, आणि माझ्याजवळ येऊन तुमच्याविषयी एकेक वाक्य ठेवून जात होती. सर म्हणजे चालतीबोलती प्रयोगशाळा. सरांनी कधी नोट्स पाहून शिकवलं नाही. पाहणार कुठून? नोट्स सापडायला हव्यात! सरांच्या हातात जादू होती. हो, होती, तुमच्या हातात दिलेली वस्तू नाहीशी व्हायची. तीस वर्षं तुम्ही त्या प्राणिशास्त्र विभागात शिकवलंत आणि तुमच्या एकाही काचपट्टीवर कधी लेबल नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी, तुमची डेमॉन्स्ट्रेटर आणि तुमची वहिनी, एकेक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घालून ओळखत बसायची आणि कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवायची. तुम्ही मागे उभे राहून पेन्सिलला ब्लेडनं टोक काढायचात. कचरा माझ्या वहीवर पडायचा.

"वहिनी, नाव लिहिलं की मुलं बघायचंच सोडतात. नाव वाचतात."

हे असलं काहीतरी तुम्ही म्हणायचात आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. आळसाला तत्त्वज्ञानाचा कोट घालण्यात तुमचा हात कुणी धरला नसता. विभागातही तुम्ही मला "वहिनी" म्हणायचात, म्हणून सगळा विभाग मला "वहिनीमॅडम" म्हणू लागला. गुजराती, सिंधी, दक्षिणेकडचे, सगळे. मी एम.एस्सी. पहिल्या वर्गात झाले होते, भाऊजी. मला नाव होतं.

बेसण्याला पारूल आली होती. तुमची लाडकी विद्यार्थिनी, आता स्वतःच शिकवून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी वाकलेली. माझा हात धरून म्हणाली, "वहिनीमॅडम, सरांच्या आठवणींची पुस्तिका काढतोय. कव्हरवर चार्ट घेऊ ने? सरांची तीच तो खरी ओळख."

मी म्हटलं, "त्यातली गोगलगाय उलटी आहे."

पारूल म्हणाली, "खबर छे मॅडम, माहीत आहे. पण आता कोण बघणार?"

हे तुमचंच शिक्षण. कोण बघणार!

तक्त्याचं सगळं पुन्हा सांगते. तुमच्यासाठी नाही. मुलं वाचताहेत, त्यांच्यासाठी. लिव्हर फ्लूक हा बकऱ्या-म्हशींच्या यकृतातला चपटा, पानासारखा जंत. त्याची अंडी लेंड्यांतून पाण्यात पडतात. अंड्यातून एक इवलीशी अळी निघते, अंगावर केस, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. ती पोहत जाऊन एका विशिष्ट जातीच्या गोगलगायीत शिरते, तिथे वाढते, एकीच्या अनेक होतात, बाहेर येऊन तळ्याकाठच्या गवतावर चिकटून बसतात आणि बकरी ते गवत खाते. झालं चक्र पुरं. यात सगळी मेख गोगलगायीत आहे. शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की जिचं तोंड उजवीकडे येतं ती लिम्निया, या जंताची यजमान. त्याच तळ्यात, त्याच गाळात दुसरी एक राहते, तोंड डावीकडे असलेली. ती फायसा. तिच्यात ही अळी वाढत नाही. दोन ठिपक्यांच्या डोळ्यांनी त्या अळीला जो फरक कळतो, तो एका पीएच.डी. माणसानं काढलेल्या सहा फुटी तक्त्यावर नव्हता.

तक्त्याची कल्पना तुमची. चित्र माझं. मी लिम्निया समोर ठेवून बटर पेपरवर सगळं चक्र पेन्सिलनं काढलं: बकरी, अंडं, अळी, गोगलगाय, गवत, बाण. मग टेबलक्लॉथवर वेलबुट्टी उतरवायला आपण बायका करतो तसा त्याचा खाका केला. खाली दुमडलेली चादर घालून प्रत्येक रेषेवर सुईनं बारीक भोकं पाडली. खाका कापडावर पसरायचा, रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीत बोळा बुडवून वरून फिरवायचा, की भोकांतून निळे ठिपके खाली उतरतात आणि चित्र उमटतं. तुम्हाला ते फार आवडलं होतं. "वहिनी, हे म्हणजे अगदी विज्ञान आहे!" जणू तोवर मी स्वयंपाकघरात जादूटोणाच करत होते.

मला आठवा महिना होता. पोट टेबलाला लागायचं, म्हणून मी तिरकी बसून भोकं पाडत होते. ते पुरं झालं, खाका तुमच्या हाती दिला आणि मी बाळंतपणाला माहेरी इंदूरला गेले. इरा, आदित्य, ते बाळ म्हणजे तुमचे बाबा.

परत आले तेव्हा थंडी पडली होती. कामावर रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी तक्ता भिंतीवर लटकलेला पाहिला. रंग सुरेख भरले होते, ते मान्य. पण माझ्या खाक्यातली बकरी डावीकडे बघत होती आणि तुमची उजवीकडे. बाण घड्याळाच्या उलटे फिरत होते. त्याला हरकत नाही. बकरीनं कुठेही बघावं, चक्र कसंही फिरावं. गोगलगायीला मात्र ती मुभा नाही. तुम्ही खाका उलटा पसरला होता. भोकांना काय, नीळ दोन्ही बाजूंनी उतरते. तुमच्या हातून लिम्नियाची फायसा झाली होती आणि खाली झोकदार अक्षरांत तुम्हीच "लिम्निया" लिहिलं होतं.

मी त्याच वेळी म्हटलं, "भाऊजी, गोगलगाय डावी झाली."

तुम्ही तक्त्यापासून चार पावलं मागे गेलात, मान वाकडी केलीत आणि म्हणालात, "बकरीला काय फरक पडतो, वहिनी? चालतंय ने?"

मी तान्हं मूल घरी ठेवून आले होते. मला पान्हा फुटत होता. मी "चालतंय" म्हणाले नाही, पण "उतरवा" असंही म्हणाले नाही.

तीन आठवड्यांनी गंगाबेन आली.

पादरा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या खेड्यातली बकऱ्या पाळणारी बाई, तुमच्याच वयाची. पावसाळ्यानंतर तुम्ही मुलांना घेऊन तिच्या गावच्या तळ्यावर गेला होता. मुलांनी टोपलीभर गोगलगायी वेचल्या, विभागात आणून फोडल्या, आणि एकीतही काही सापडलं नाही. तुम्ही गावाला निरोप धाडलात, तळं स्वच्छ आहे, खुशाल चारा. त्यावर तिनं काठावरचा हिरवा पट्टा बकऱ्यांना मोकळा सोडला. ती थेट प्रयोगशाळेत शिरली, हातातला स्टीलचा डबा तुमच्या टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत बकरीचं यकृत होतं, फाडलेलं, आणि नळ्यांतून ते चपटे जंत बाहेर आलेले.

"साहेब, तमे कीधेलुं तळाव चोख्खुं छे," ती म्हणाली. "तो आ शुं छे?"

तळं चोख आहे असं तुम्हीच सांगितलं होतं, मग हे काय? साधा प्रश्न होता. वर्गात कुणी विचारला असता तर तुम्ही तासभर बोलला असता.

तुम्ही चिमटा उचललात. एक जंत अलगद सोडवून उजेडात धरलात, आणि तुमचे डोळे चमकले. ते मी कधी विसरले नाही. "वहिनी, बघा, काय सुंदर नमुना आहे."

सुंदर हा शब्द गुजरातीतही तोच आहे.

"सुंदर?" गंगाबेन म्हणाली. "सात बकरां गयां मारां. लो, राखो तमे." आणि डबा तिथेच टाकून निघून गेली.

खोलीत पारूल होती, अजून दोघं-तिघं होते. मी त्यांना विचारलं, "तळ्यावर तुम्ही कुठल्या गोगलगायी वेचल्या?"

पारूल म्हणाली, "चार्टमां छे ए, मॅडम. डाव्या तोंडाच्या."

"आणि उजव्या?"

"त्या बी बहु होत्या. त्या आम्ही परत पाण्यात टाकल्या."

त्या दिवशी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. तुमची वहिनी म्हणून नव्हे, तुमच्या हाताखालची नोकर म्हणूनही नव्हे. मी म्हणाले, "माझ्या प्रत्येक खाक्यावर 'वरची बाजू' असं लिहिलेलं असतं. ह्याच्यावरही मी लिहिलं होतं. तुम्हाला वाचायची तसदी घ्यायची नव्हती. एका बाईच्या सात बकऱ्या तुमच्या गबाळेपणानं मेल्या."

तुम्ही चिमटा खाली ठेवलात. माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "असेल, वहिनी."

बस. असेल! एवढा मोठा आरोप आणि त्याला उत्तर एवढंच. तो जंत तुम्ही फॉर्मॅलिनच्या बरणीत घातलात, तक्ता भिंतीवरच ठेवलात, आणि पुढची सगळी वर्षं मी मुलांच्या जर्नलमधल्या डाव्या गोगलगायीवर लाल पेन्सिलनं काट मारून शेजारी उजवी काढत राहिले. तुम्ही खाली सही करायचात. माझी दुरुस्ती मान्य, पण तक्ता उतरवायचा नाही. नवी मुलं विचारायची, "वहिनीमॅडम, परीक्षेत सरांची काढायची की तुमची?" आणि विभागभर हशा व्हायचा. तुम्हीही हसायचात. त्या हसण्याबद्दल मी तुमचा तिरस्कार केला, भाऊजी. तुमचा वरणभात वाढताना केला, तुमच्या शर्टाची बटणं लावताना केला, तुमच्या भावाच्या, माझ्या नवऱ्याच्या, अंत्यविधीला तुम्ही चपला कुठे काढल्या हे विसरलात आणि अनवाणी घरी आलात, तेव्हाही केला. तुम्ही सुभानपुऱ्याच्या या घरात वरच्या मजल्यावर एकटे राहिलात आणि मी खाली. जिन्यात रोज भेट व्हायची. सेहेचाळीस वर्षं एकाच गोगलगायीवरून भांडायला तेवढा जिना पुरला.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर मुलांना वाटेल आजी नुसती कडू आहे.

लग्न होऊन आले तेव्हा मी फक्त बी.एस्सी. होते. सासूबाई म्हणाल्या, पुरे झालं. तुम्ही तेव्हा स्वतःच नवे लेक्चरर. जेवताना ताट पुढे सरकवून म्हणालात, "आई, वहिनी घरी राहिल्या तर ह्या घरातल्या डब्यांना नंबर पडतील. त्यांना माझ्याकडे पाठव, तिथे गरज आहे." सासूबाई हसल्या आणि मी एम.एस्सी.ला गेले. अपमान करून उपकार करायची तुमची ही पद्धत. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलंत. काचेवर पाण्याचा थेंब होता. "वहिनी, श्वास रोखा. आता अंड्याचं झाकण उघडेल." उघडलं. त्यातून ती केसाळ अळी निघाली आणि सरळ धावत सुटली, कुणी न शिकवता. मी इतकी वर्षं पाठ केलेली आकृती चालायला लागली होती. मागे वळून पाहिलं तर तुम्ही माझ्याकडे बघत होता, सूक्ष्मदर्शकाकडे नाही. मला दिसलं का, एवढंच तुम्हाला पाहायचं होतं. असा शिक्षक मला पुन्हा भेटला नाही. म्हणूनच त्या तक्त्याचा इतका राग आला. सामान्य माणसाला मी एवढी वर्षं दिली नसती.

बेसण्याला एक बाई शेवटी आली. पदर डोक्यावरून, हातात कापडी पिशवी. पेपरात वाचून आले म्हणाली. गंगाबेनची सून, रमीलाबेन. गंगाबेन वारल्याला चार वर्षं झाली. मला वाटलं, आता तरी कुणी तुमच्या फोटोसमोर खरं बोलेल. तिनं हात जोडले, माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "बेन, तमारो चेवडो बहु सरस होय छे."

मला काही कळेना. मग हळूहळू कळलं. दर दिवाळीनंतर माझ्या चिवड्याचा एक डबा कमी व्हायचा. विचारलं तर तुम्ही म्हणायचात, हॉस्टेलच्या मुलांना दिला. तो त्या गावाला जात होता. पहिल्या वर्षी तुम्ही गंगाबेनचा डबा परत द्यायला गेलात, आणि रिकामा डबा द्यायचा नाही एवढी एकच घरची रीत तुमच्या डोक्यात राहिली होती, म्हणून त्यात चिवडा भरलात. मग पँट दुमडून तळ्यात उतरलात. उजव्या गोगलगायी काढून तिच्यासमोर फोडून दाखवल्यात. काठावरच्या गवतात बकऱ्या सोडायच्या नाहीत, पाण्यातलं गवत कापलं तर कडक उन्हात वाळवून मगच घालायचं, हे तिला समजावलंत. आणि पाय चालत होते तोवर दर वर्षी गेलात.

"साहेबे माफी मागेली," रमीलाबेन म्हणाली. "बा कहेतां, साहेब पहेले ज दिवसे बोलेला के भूल मारी."

पहिल्याच दिवशी सांगितलं, चूक माझी. तिला सांगितलंत! तळ्याकाठी उभं राहून सांगितलंत. आणि मला नुसतं "असेल". मी त्या हॉलमध्ये बसून इतकी संतापले की पारूलला वाटलं मला रडू आवरत नाहीये. तिनं पाणी आणलं. तळं निस्तरायला गेलात, तक्ता नाही निस्तरलात. का? कुठली ही चाल? मी ठरवलं, घरी जाऊन तुमचं कपाट उपसायचं आणि भंगारात काढायचं.

कपाट उपसलं. जे अपेक्षित होतं तेच निघालं: फुटकी भिंगं, वाळलेल्या शाया, न तपासलेल्या उत्तरपत्रिका ज्यांची मुलं आता आजोबा झाली असतील, बिनलेबलच्या काचपट्ट्या. सगळ्यात तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली एक लांब गुंडाळी. तिला चिठ्ठी चिकटवलेली होती. तुमच्या अक्षरात: "वहिनींचा खाका."

आयुष्यात तुम्ही लेबल लावलेली ही एकच वस्तू.

मी तो जेवणाच्या टेबलावर पसरला. रॉकेलचा वास केव्हाच गेला होता, नीळ होती. आधी "वरची बाजू" शोधली. चारही कोपरे पाहिले. नव्हती. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हती. जिथे मी ते लिहिते, त्या उजव्या वरच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात दुसरं काहीतरी होतं: "डिंक, खारीक, सुंठ, बाळंतशेपा, दुपटी सहा." इंदूरला जाण्याआधीची माझी यादी. समोर जो कागद होता त्यावर लिहिली होती.

तरीही मी तुम्हालाच दोष दिला, हे कबूल करते. म्हटलं, अक्षरं सरळ वाचता येतात ती वरची बाजू, एवढं तरी माणसाला कळू नये? मग कागदावरून बोट फिरवलं.

खरखर लागली.

सुई वरून खाली जाते, भाऊजी. भोकाची खरखरीत कड मागच्या बाजूला येते. पोरगी पहिला खाका करते तेव्हा हे शिकते. माझी यादी खरखरीत बाजूवर होती. म्हणजे भोकं नीट पडली का ते पाहायला मी कागद उलटा केला, तसाच राहू दिला, आणि त्याच्या पाठीवर यादी लिहिली. तुम्ही खाका उघडलात, तुम्हाला वहिनींचं अक्षर दिसलं, आणि तुम्ही विचार केलात: वहिनींचं अक्षर आहे, तर हीच वरची बाजू. माझ्या शिस्तीवर तुम्ही जन्मात एकदाच विसंबलात. नेमकं तेव्हाच.

तुम्हाला हे कधी कळलं, हे मला आता कळणार नाही. कदाचित गंगाबेन येऊन गेल्यावर त्याच दिवशी तुम्ही खाका काढून पाहिलात. कदाचित वर्षांनी. पण कळलं होतं. नाहीतर त्याला नाव लावून ठेवला नसता. तक्ता उतरवायचा तर कुणीतरी खाका मागितला असता, मीच सगळ्यात आधी, आणि चूक कुणाची ते उघडं पडलं असतं. आणि मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं, मी लिहिलं होतं. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला सात बकऱ्यांचं ओझं द्यायचं नाही, असं काही तुमच्या मनात होतं का? असेल. की उगीच कटकट नको, बोलतेय तर बोलू दे, एवढंच होतं? तेही असेल. तुम्हाला मी ओळखते. दोन्ही होतं, आणि दोन्ही तुम्ही नीट विचार करून ठरवलं नव्हतं.

पण माझ्यावर दया करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी लाल पेन्सिल घेऊन हजारो वह्या तपासल्या आणि तुम्ही खाली सही करताना मनात काय म्हणत होता? मला चूक दाखवली असती तर मी दुसऱ्या दिवशी नवा खाका केला असता. दुपारपर्यंत तक्ता बदलला असता. मी मोडून पडले नसते. मी डब्यांना नंबर घालणारी बाई आहे; चूक कुठे झाली हे कळलं की मला बरं वाटतं. तुम्ही मला सांभाळलंत आणि त्यापायी शेकडो मुलांना उलटी गोगलगाय शिकवलीत. हा मोठेपणा नाही. हाही तुमचा गबाळेपणाच आहे, नुसता मनाचा. तुमच्या बाजूनं बोलावं असं सकाळपासून फार वाटतं आहे, आणि तरीही मी माझं मत बदलत नाही.

फक्त एक बदलते. सेहेचाळीस वर्षांपूर्वी मी जे प्रयोगशाळेत म्हणाले, ते खोटं होतं. मी लिहिलं नव्हतं. तुमच्या गबाळेपणानं ते झालं नाही. माझ्या गबाळेपणानं झालं. हे मला जिन्यात तुम्हाला गाठून सांगायला हवं होतं. तुम्ही "असेल, वहिनी" म्हणाला असता, आणि त्यावर मी पुन्हा चिडले असते.

काल पारूलला फोन केला. तक्ता कव्हरवर घ्यायचा असेल तर घ्या म्हटलं, पण त्याखाली दोन ओळी छापायच्या: यातली गोगलगाय उलटी आहे, खाक्यावर बाजू लिहायची राहिली होती आणि खाका वहिनीमॅडमनी केला होता. पारूल म्हणाली, "मॅडम, एवढं कशाला?" मी म्हटलं, माझं नाव मात्र पूर्ण छापा. वहिनीमॅडम नको.

परवा रमीलाबेनच्या गावाला जाऊन येते. रिक्षा सांगितली आहे. गंगाबेनला सांगायचं ते तिच्या सुनेला सांगेन. चिवडा केला आहे.

इरा, तुला तक्त्याचा फोटो पाठवत नाही. खाक्याचा पाठवते. खिडकीच्या काचेला लावून काढला आहे, उजेड भोकांतून येतो. गोगलगायीचं तोंड उजवीकडे आहे, तपासून बघ. तुझ्या ग्रुपला सांग, चित्र माझं आहे, चूक माझी आहे, आणि रंग त्यांनी भरले होते ते अप्रतिम होते.

भाऊजी, तक्ता अजून विभागाच्या भिंतीवर आहे. बरणीतलं फॉर्मॅलिन उडून गेलं आणि जंत वाळला, असं पारूल सांगते. खाका माझ्या कपाटात आहे, दुसऱ्या फळीवर, तुमच्याच चिठ्ठीसकट. यादी मी खोडली नाही. गुळगुळीत बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलनं "वरची बाजू" लिहिलं आहे. कागद पिवळा पडला आहे, पण फाटलेला नाही, आणि भोकं सगळी उघडी आहेत.